आप्पांची आखणी : कंपवातासोबत गणपतीच्या कारखान्यात आठ सीझन

२०१२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या एका जुन्या व्यापाऱ्याचा फोन आला. माल पोचला होता, रंग आवडला होता. पण तो म्हणाला, “आप्पा, यंदा गणपती जरा झोपाळू दिसतायत.” आप्पांनी फोनवरच उत्तर दिलं, “अहो, पावसात हायवेने आलेत. खड्ड्यांनी रात्रभर झोप लागली नसेल त्यांना.” दोघंही हसले. फोन ठेवून आप्पा कारखान्यात आले, फळीवरच्या मूर्तींसमोर बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, “डोळे बारके होतायत ग माझे.”

मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. ते मूर्तींच्या डोळ्यांबद्दल बोलत होते, हे मला वर्षभराने कळलं.

माझ्या वडिलांना पार्किन्सन्स होता, आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात तो. निदान नोव्हेंबर २०१३ मध्ये झालं, ते गेले डिसेंबर २०२२ मध्ये. मधल्या काळात आठ सीझन त्यांनी गणपतीचे डोळे आखले. मी डॉक्टर नाही. कारखान्याचा हिशेब, ऑर्डरी आणि शेवटी आप्पांच्या गोळ्यांच्या वेळा या तिन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिणारी त्यांची मुलगी आहे. त्या वहीवरून हे लिहिते आहे, कारण कुणाच्या तरी घरी आज असाच एखादा हाताचा कारागीर “आता आराम करा” म्हणून खाटेवर बसवलेला असेल.

माणूस आणि त्याचं काम

आमचा कारखाना पेणमध्ये. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या आसपासच्या गावांत गणपती हा वर्षभराचा धंदा आहे. विसर्जन झालं की महिन्याभरात पुढच्या वर्षाचे साचे निघतात. परदेशच्या मूर्ती बोटीने जातात, त्यामुळे त्या उन्हाळ्याच्या आतच तयार लागतात. आमच्याकडे वर्षाला हजार-बाराशे मूर्ती होत, त्यातल्या तीनेकशे शाडूच्या. साचा भरणारे वेगळे, पॉलिश पेपर मारणारे वेगळे, अंगाचा रंग आणि शेडिंग करणारा वेगळा. आखणी मात्र एकाच हाताची.

आखणी म्हणजे डोळे. आधी पांढरा भरायचा, कोपऱ्यात किंचित गुलाबी. मग बुबुळ. मग वरच्या पापणीची काळी रेघ, झीरो नंबरच्या ब्रशने, नाकाकडून कानशिलाकडे, मध्ये कुठेही हात न उचलता. त्यावर भुवई. आणि अगदी शेवटी बुबुळात पांढरं टिंब. टिंब पडेपर्यंत ती रंगवलेली मूर्ती असते. टिंब पडलं की ती तुमच्याकडे बघायला लागते. कारखान्यातली पोरं त्यानंतर मूर्तीसमोर चपला घालून फिरत नाहीत, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं तरी. आप्पा करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवून, श्वास धरून पापणी ओढायचे आणि रेघ संपली की जोरात “हुश्श” करायचे. भर सीझनला दिवसाला साठ मूर्ती.

आणि माणूस म्हणाल तर जत्रा होती नुसती. गिऱ्हाइकांच्या नकला करायचे. मूर्ती ठरवायला आलेल्या बायका किंमत ऐकून कशा दागिने चाचपतात, मंडळाचे कार्यकर्ते खिशात हात घालून कसे उंची विचारतात, हे करून दाखवताना हातातला ब्रश खाली ठेवायचे नाहीत. त्यांचं आजोळ माणगावकडचं. तिथल्या बाल्या नाचात ते लहानपणापासून पायात चाळ बांधून उतरायचे. मध्ये मृदंग आणि गाणारे, भोवती रिंगण, आणि रिंगणात पंचावन्न वर्षांचे आप्पा पोरांपेक्षा उंच पाय मारत.

थंडीत पोपटी. रायगडकराला पोपटी समजावून सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच, की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, ओवा आणि जाडं मीठ भरतात, तोंड पाल्यानेच बंद करतात आणि मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब घालायचा नाही. झाली की नाही हे बघायला मडक्यावर पाणी शिंपडतात, ते चर्र होऊन लगेच उडालं की काढायची. आप्पांना पाणी लागायचं नाही. वासावरून सांगायचे, “आता काढा.”

जानेवारी २००९ मध्ये ते वासाची वाट बघत बसले आणि पोपटी करपली. आम्ही सगळ्यांनी त्यांना चिडवलं. सर्दी असेल म्हणालो.

जे आधीच दिसत होतं

आज वही उलटी वाचली की चार गोष्टी रांगेत उभ्या राहतात. वास गेला २००९ मध्ये. त्याच्याही आधीपासून झोपेत लाथा मारणं, ओरडणं सुरू झालं होतं. आई सांगायची, “रात्री पण बाल्या नाचतात हे,” आणि आम्ही हसायचो. मग उजवा खांदा धरला. मग डोळे बारके झाले.

वास जाणं आणि स्वप्नात हातपाय झाडणं ही पार्किन्सन्सची हात थरथरण्याच्या कितीतरी आधी, कधी कधी कित्येक वर्षं आधी येणारी लक्षणं असू शकतात. वास गेलेल्या प्रत्येकाला पार्किन्सन्स होत नाही, हेही तितकंच खरं. पण या गोष्टी एकत्र आल्या की कुणाला तरी सांगायच्या असतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही त्या घरातले विनोद म्हणून वापरल्या.

खांद्याने तर पूर्ण वर्ष खाल्लं. फ्रोजन शोल्डर म्हणून शेक, व्यायाम, दोन इंजेक्शनं. उपचार करणाऱ्याने आप्पांना एकदाही चालून दाखवायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांचा उजवा हात चालताना हलत नाही, दप्तर धरल्यासारखा अंगाला चिकटून राहतो, हे दिसलं असतं. पार्किन्सन्सची सुरुवात खांद्याच्या दुखण्याने होणं आणि ते फ्रोजन शोल्डर समजलं जाणं, हे पुष्कळांच्या बाबतीत घडतं. त्या वर्षाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शेवटी मुंबईतल्या न्यूरॉलॉजिस्टांनी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि “श्री गणेशाय नमः” पाच वेळा एका ओळीत लिहायला सांगितलं. पहिलं ठसठशीत आलं. पाचवं मुंगीएवढं. मग म्हणाले, “आता चकली काढा.” आप्पांची चकली मध्यातून सुरू झाली आणि तिथेच गुदमरली, वेढे एकमेकांवर चढले. डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात अक्षर असं बारीक होत जातं, ओळीच्या शेवटाकडे अधिक. मेंदूच्या तळाशी काळपट पेशींचा एक पुंजका असतो, तो डोपामिन नावाचं रसायन तयार करतो. त्या पेशी मरत जातात. हालचाल किती मोठी करायची, केव्हा सुरू करायची हे ठरवणारी यंत्रणा त्यामुळे कंजूष होते. माणसाला वाटतं आपण नेहमीएवढीच रेघ ओढली. प्रत्यक्षात ती आखूड निघते.

झोपाळू गणपतींचं कोडं तिथे सुटलं. आप्पा फळीच्या एका टोकापासून आखत जायचे, आणि फळीच्या शेवटच्या मूर्तींचे डोळे पहिल्यांपेक्षा लहान निघायचे.

बाहेर पडल्यावर आप्पांनी काय विचारलं असेल? “चकली बिघडली म्हणून फी कमी करतील का?”

आमची चूक

२०१४ चा सीझन आम्ही त्यांना कारखान्यात येऊ दिलं नाही. प्रेमाने केलं, पण चूक होती. आई म्हणाली, आयुष्यभर कष्ट केले, आता बसा. भाऊ म्हणाला, थिनरचा वास, धूळ, कॉम्प्रेसरचा आवाज, कशाला हवं? मी म्हणाले, गिऱ्हाइकांसमोर हात थरथरला तर त्यांनाच वाईट वाटेल. मनातून मला लोकांची भीती होती, कारखान्याच्या नावाची. आखणीला आम्ही बाहेरचा माणूस लावला.

आप्पा ओटीवर बसायचे. मांडीवर ठेवलेला उजवा हात अंगठा आणि बोट एकमेकांवर घासल्यासारखा हलत राहायचा, जणू चिमटीत रांगोळी धरली आहे. बोलणं कमी झालं. आवाज इतका खाली गेला की जेवताना दोनदा विचारावं लागायचं. त्या वर्षी माणगावला गेले नाहीत. गणपतीत आरतीला उभे राहिले, पण म्हणाले काहीच नाही.

या आजारात उदासी नुसत्या दुःखाने येत नाही. मेंदूतल्या त्याच रसायनांच्या तुटवड्याने ती आजाराचाच भाग म्हणूनही येते, आणि तिच्यावर वेगळं औषध असतं. डॉक्टरांनी ते पुढे सुरू केलं, त्याने फरकही पडला. तेव्हा आजार किती आणि आम्ही किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही. पण आमचा वाटा होता. मी तो इथे लिहून ठेवते.

फेब्रुवारी २०१५

परदेशातली चाळीस शाडूच्या मूर्तींची ऑर्डर होती. माल महिन्याभरात निघायला हवा होता आणि आखणीवाला दुसऱ्या कारखान्यात गेला. जास्त पैसे मिळाले, गेला. आमच्या धंद्यात ते चालतं. चाळीस मूर्ती डोळ्यांशिवाय फळीवर उभ्या. पापणीची रेघ मला तेव्हा येत नव्हती.

एका सकाळी बारा वाजायला आले होते. मी मागच्या खोलीतून आले तर आप्पा पाटावर बसलेले. करंगळी गालाला टेकलेली. हात स्थिर होता. थांबलाच होता पूर्ण. पापणी ओढून झाली आणि “हुश्श” ऐकू आलं, वर्षभरानंतर पहिल्यांदा. ब्रश खाली ठेवून हात मांडीवर घेतला आणि तो पुन्हा हलायला लागला.

मी रडायला लागले. ते म्हणाले, “रडतेस काय? रेघ ओली आहे, पाणी उडेल.”

पार्किन्सन्सची थरथर बहुधा विश्रांतीची असते. हात रिकामा असला की ती जोर करते आणि हाताने काही ठरवून करायला घेतलं की कमी होते. हे डॉक्टरांनी निदानाच्या वेळीच सांगितलं होतं. आम्ही ऐकलं होतं आणि हात थरथरतो म्हणून काम काढून घेतलं होतं! त्यांचं खरं अडणं थरथरीत नव्हतंच. हालचाल हळू होणं, आखूड होणं आणि अंग ताठणं, हे तीन शत्रू होते. त्यांच्याशी सामना करता येतो, पण घड्याळ बघून.

म्हणून वही. पहिली नोंद १६ फेब्रुवारीची : “गोळी ११ ला. ११.४० ला हात सुटला. १.३० पर्यंत ठीक. मूर्ती ४.”

गोळी लेव्होडोपाची. शरीरात गेल्यावर तिचं डोपामिन होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ती वापरात आली आणि आजही या आजारावरचं सगळ्यात भरवशाचं औषध तीच आहे. ती आजार बरा करत नाही, काही तास उसने देते. ते तास नेमके कुठे पडतात हे प्रत्येकाचं वेगळं, आणि एकाच माणसाचंही दर वर्षी बदलतं. आम्ही दोन आठवडे रोज लिहिलं. एक गोष्ट सारखी खटकत होती : काही दिवशी अकराच्या गोळीने हात सुटायचाच नाही. वहीत शेजारी जेवणही लिहायला लागले तेव्हा सापडलं. ते दिवस बिरड्याचे होते.

वालाचं बिरडं म्हणजे आप्पांचा जीव की प्राण. पण प्रथिनं जास्त असलेलं जेवण आणि लेव्होडोपा यांची आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायची वाट एकच असते, आणि तिथे गर्दी झाली की गोळी मागे पडते. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी दुजोरा दिला. गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, आणि बिरडं, डाळ, अंडी, मासे यांचा मोठा वाटा रात्री. प्रथिनं बंद केली नाहीत, ती बंद करायची नसतात. नुसती वेळ बदलली. आप्पांनी दाराला खडूने लिहिलं : “दिवसा कारखाना, रात्री बिरडं.”

दुसरी अडचण रेघ आखूड पडण्याची. तिच्यावरचा उपाय वहीने नाही, शाळेच्या दुरेघीने सुचवला. अक्षर बारीक होणाऱ्या माणसाला आखलेला कागद दिला की अक्षर पुन्हा मोठं होतं, कारण कुठपर्यंत जायचं ते डोळ्यांना दिसत असतं. मग मी प्रत्येक मूर्तीच्या डोळ्याच्या दोन्ही कोपऱ्यांना पेन्सिलने सुईच्या टोकाएवढे ठिपके द्यायला लागले. आप्पा एका ठिपक्यावर ब्रश ठेवायचे आणि नजर दुसऱ्यावर. रेघ पोचायची. आधी दोन फुटी मूर्ती घ्यायच्या आणि लहान मागून, म्हणजे हाताला सकाळीच मोठं फिरायची सवय लागते. फळीवर दहाच्या वर मूर्ती मांडायच्या नाहीत, मध्ये उठायचं, हात डोक्यावर न्यायचे, कारखान्याला एक फेरी मारायची.

चाळीस मूर्ती तीन आठवड्यांत झाल्या. दिवसाला साठ आखणारा माणूस आता दिवसाला चार-पाच, पुढे आठ-दहा आखत होता. धंद्याच्या हिशेबात हे बसत नाही, म्हणून आम्ही दुसरा आखणीवाला ठेवलाच. पण शाडूच्या मूर्ती आप्पांच्या. त्या वर्षी अधिक आषाढ आला, गणपती १७ सप्टेंबरला होते, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा १९ दिवस उशिरा. आप्पा म्हणायचे, अधिक महिना माझ्यासाठीच घातलाय पंचांगात. त्या सीझनला त्यांनी दोनशे मूर्तींचे डोळे आखले.

आरतीला त्यांनी घंटा मागून घेतली. थरथरता उजवा हात पुढे करून म्हणाले, “पेणमध्ये या कामाला माझ्याइतका लायक माणूस दाखवा.” घर हसलं. आवाजही आरतीनेच वर आणला. स्पीच थेरपीवाल्या बाईंनी सांगितलं होतं की रोज ठरवून मोठ्याने बोलायचा सराव करा, दुप्पट मोठं बोलल्यासारखं वाटेल तेव्हा ते ऐकणाऱ्याला बरोबर ऐकू जाईल. आप्पांनी सरावाला “घालीन लोटांगण” निवडलं. सकाळी सातला, वर्षभर. शेजाऱ्यांनी सहन केलं, त्यांचे उपकार.

चेहरा

यावर मला थांबून लिहायचंय, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे झाले.

पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायू ताठतात. पापणी कमी लवते, गाल हलत नाहीत, हसू ओठापर्यंत येत नाही. आत जे चाललंय ते बाहेर उमटत नाही. आप्पांसारख्या माणसाला हे झालं. नकला करायचे, पण चेहरा दगडासारखा. ठरलेले जुने व्यापारी त्यावरही हसायचे, नवीन गिऱ्हाईक बिचकायचं. एक जोडपं ऑर्डर न देता निघून गेलं, जाताना म्हणालं, “मालक चिडलेले दिसतात, नंतर येतो.” माझी भाची तीन वर्षांची होती, ती त्यांच्या मांडीवर बसेना.

आणि आम्हीही फसायचो. आई एखादी गोष्ट हौसेने सांगायची, आप्पांच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, ती मध्येच थांबायची. घरातलं बोलणं असं थोडं थोडं तुटत गेलं. २०१६ च्या दिवाळीत आई त्यांच्यावर भडकली, “तुम्हाला कशाचं काही वाटतच नाही का आता?” आप्पा खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी आत हसत असतो ग. बाहेर पोचत नाही.”

त्या दिवसापासून घरात नियम झाला. चेहऱ्यावरून काही ठरवायचं नाही, विचारायचं. आप्पांनी स्वतःहून सवय लावून घेतली : विनोद झाला की शेवटी म्हणायचे, “हसलो.” गंमत आवडली की, “जोरात हसलो.” भाचीला तो खेळच वाटला. ती मांडीवर बसून विचारायची, “आबा, आता?” आणि आबा सांगायचे, “आता पोट धरून.” गिऱ्हाइकांना मी दारातच सांगायला लागले, “वडिलांना कंपवात आहे, चेहरा हलत नाही, पण ते मजेत आहेत. बोला त्यांच्याशी.” लपवणं थांबवल्यावर ऑर्डरी कमी झाल्या नाहीत.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी यातलं दुसरं काही लक्षात नाही ठेवलं तरी हे एक ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

पाय

२०१७ मध्ये पाय अडायला लागले. चालता चालता, विशेषतः दारातून जाताना, तळवे जमिनीला चिकटायचे. वरचं अंग पुढे जायचं, पाय मागे. दोनदा पडले, एकदा मनगटाला प्लास्टर. डावं होतं, म्हणून निभावलं.

त्या भाद्रपदात गौरी आल्या. आईने रीतीप्रमाणे दारापासून देवापर्यंत कुंकवाने पावलं काढली होती. तेरड्याची गौर आत आली, पावलांवरून फिरली, बसली. मग आप्पा उठले आणि बाहेरच्या खोलीकडे निघाले. नेहमी अडायचे तो उंबरठा त्यांनी न थांबता ओलांडला. पुन्हा आत आले, पुन्हा बाहेर गेले. खाली बघत, पावलांच्या अंतराने पाय टाकत.

जमिनीवर आडव्या रेघा किंवा खुणा असल्या की अडलेलं पाऊल सुटतं, हे फिजिओथेरपीत माहीत असलेलं तंत्र आहे. ठेक्याचंही तसंच. ताल कानावर पडला की मेंदू हालचालीसाठी दुसरी वाट पकडतो. पुण्यात ऋषिकेश पवार पार्किन्सन्सच्या रुग्णांना नृत्य शिकवतात, आणि तिथल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात असे अनुभव सांगणारी माणसं भेटतात. आम्हाला मात्र ते आधी गौरीने दाखवलं.

दसऱ्याच्या आत आप्पांनी ऑइल पेंटने पावलं काढली. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत, स्वयंपाकघराच्या दारात, कारखान्याच्या पायरीपासून पाटापर्यंत. आई अवघडली, गौरीच्या पावलांवर रोज पाय द्यायचा? आप्पा म्हणाले, “ती माहेरी येते, मी स्वयंपाकघरात जातो. दोघांनाही खायलाच मिळतं.” मग आईच्या समाधानासाठी त्यांनी ती पावलं पुरुषाची केली, स्वतःच्या मापाची, अंगठ्याला मुद्दाम वाकडी नखं काढून.

तरीही अडले तर भाऊ बाल्याचा ठेका तोंडाने धरायचा. “हे… हा!” म्हटलं की उजवा पाय उचलला जायचा. चालता न येणारा माणूस नाचत दार ओलांडायचा. मी ते शंभर वेळा पाहिलं असेल, तरी दर वेळी अंगावर काटा यायचा.

उतरण

२०१८ पासून गोळीचे तास आखडले. चारच्या पाच, पाचच्या सहा वेळा झाल्या. गोळी चढली की मान आणि खांदे आपोआप वळवळायचे, उतरली की अंग लाकूड. मधली खिडकी दीड तासाची, मग तासाची. मेंदूत तारा बसवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. खर्च लाखांच्या घरात होता, आणि आप्पांनी नको म्हटलं. शेजारच्या काकांनी प्रेमाने खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण आणून दिलं होतं. ते आप्पांनी आम्हाला न सांगता आठवडाभर घेतलं, आणि वळवळ इतकी वाढली की जेवता येईना. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपाच असतो. म्हणजे काकांचं चुकीचं नव्हतं, पण मोजलेल्या गोळीवर न मोजलेली मात्रा पडली होती. असं काही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे, हेही आम्हाला उशिरा कळलं. दाखला २०१९ मध्ये काढला.

काम उतरत गेलं तशी आम्ही आखणीची वाटणी केली. २०१८ मध्ये भुवई माझ्याकडे आली. २०१९ मध्ये पापणी. तोवर त्यांनी मला शिकवलं होतं. माझ्या हातावर हात ठेवून नाही, ते जमत नव्हतं. पाठीमागे बसून, माझा श्वास ऐकून. मी श्वास मध्येच सोडला की म्हणायचे, “तुटली.” बघायच्या आधी.

२०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा हातात बारा दिवसांच्या गोळ्या होत्या. ही गोळी एकदम बंद पडणं धोक्याचं असतं. भावाने पोलिसांची परवानगी काढून पनवेलहून आणल्या. त्या वर्षी सरकारने मंडळांच्या मूर्तींना चार फुटांची आणि घरच्यांना दोन फुटांची मर्यादा घातली, मोठ्या ऑर्डरी गेल्या, कारखाना अर्धा रिकामा. आप्पांना मात्र त्या सीझनला सगळ्या मूर्ती बसल्या जागी हाताला येत होत्या. बुबुळं त्यांनी केली, सत्तर.

२०२१ मध्ये गिळणं बिघडलं. पाणी ठसक्यात जायचं, म्हणून दाट करून द्यायचो, हनुवटी छातीकडे घेऊन घोट. पोह्याचे पापड पहिले बंद झाले, कोरडे कण घशात अडकतात म्हणून. पेणच्या माणसाला पापड बंद, यावर ते काही बोलले नाहीत. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांनी विनोद केला नाही.

आईबद्दल मी कमी लिहिलंय. रात्री कुशीवर वळवणं, तीनला उठवून गोळी देणं, हे सगळं नऊ वर्षं तिने केलं. आम्ही दिवसाचे होतो. रात्रीची वही नाही, म्हणून इथे तिच्या नोंदी नाहीत. पुन्हा वेळ आली तर मी सगळ्यात आधी रात्रीचं माणूस ठेवेन, कर्ज काढावं लागलं तरी.

२०२२ मध्ये गणपती ३१ ऑगस्टला होते. आदल्या दिवशी घरच्या मूर्तीचं सगळं करून मी आप्पांना पाटावर आणलं. आता पाठीला उशी, कोपराखाली लाकडी ठोकळा. गोळी साडेदहाला दिली होती. आम्ही वाट बघत बसलो. खिडकी कधी उघडेल ते आता सांगता येत नव्हतं. बाहेर पाऊस लागला होता. मध्येच त्यांनी विचारलं, “टिंबाचा रंग पातळ नाही ना केलास?” दाखवला. मान हलवली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी हात पुढे केला. ब्रश मी बोटांत दिला. उजव्या डोळ्यात टिंब जिथे हवं तिथे पडलं. डाव्यात ते जरा बाहेरच्या बाजूला सरकलं. मी ओला बोळा उचलला तर त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं. बोलायला बराच वेळ लागला.

“राहू दे. शेजारच्यांकडे पण बघेल.” आणि मग, थांबून, “हसलो.”

मूर्ती तशीच बसवली. गौरींसोबत विसर्जन झालं.

डिसेंबरमध्ये फुप्फुसाला संसर्ग झाला आणि आठ दिवसांत ते गेले. वहीत त्यांच्या कामाची शेवटची नोंद ३० ऑगस्टची आहे : “गोळी १०.३०. हात ११.२०. टिंबं २.”